दादाजींच्या तीन लोंब्या



आपण मला डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्यावर बोलायला सांगितलेत. मराठी वाचकाला कार्व्हर नव्याने सांगावे लागत नाहीत. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' १९८१ साली आले आणि तेव्हापासून हा काळा शास्त्रज्ञ आपल्या घरातला झाला. शिक्षक ते पुस्तक बक्षीस म्हणून देतात, आईबाप मुलाच्या हातात ठेवतात. पण त्या पुस्तकातून बहुतेकांनी एकच गोष्ट उचलली, असे मला अनेक वर्षे वाटत आले आहे. कष्ट कर, चिकाटी धर, मग जन्म कुठेही झाला तरी तू मोठा होशील, ती ही गोष्ट. हे वाचन अपुरे आहे, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी मी आज कार्व्हरांच्या शेजारी आपला एक माणूस बसवणार आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे.

आधी कार्व्हर. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, १८६४ च्या आसपास, मिझुरी राज्यातल्या डायमंड या वस्तीजवळ ते जन्मले. नेमकी तारीख त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हती, कारण गुलामांच्या लेकरांचे जन्म कोणी लिहून ठेवत नसे. त्यांची आई मेरी हिला मोझेस कार्व्हर या शेतकऱ्याने १८५५ साली ७०० डॉलरला विकत घेतले होते. त्या धामधुमीत टोळीवाल्यांनी आई आणि तान्हे मूल दोघांनाही पळवले. मूल परत मिळाले. आईचा पत्ता कधीच लागला नाही. मूल शोधून आणणाऱ्याला मोझेसने एक घोडा दिला, असे सांगतात.

ज्या युद्धात हे मूल आईला मुकले, त्याच युद्धाने आपल्या भागात पैसा आणला होता. रेल्वे नुकतीच, १८६० च्या सुमारास, सोलापूरपर्यंत आली होती. अमेरिकेचा कापूस बंद पडला तशी लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसाकडे धाव घेतली. भाव आकाशाला भिडले, दख्खनच्या शेतकऱ्याने कर्ज काढून कापूस लावला. १८६५ साली युद्ध थांबले, भाव कोसळले, कर्ज तेवढे राहिले. दहा वर्षांनी, १८७५ साली, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यानंतर सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा केला, तो पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चारच जिल्ह्यांसाठी होता. आपल्या आजोबा-पणजोबांचे नाव त्या कर्जाच्या वहीत होते.

तिकडे अलाबामातला काळा शेतकरी गुलामीतून सुटला आणि वाट्याच्या शेतीत अडकला. जमीन गोऱ्या मालकाची. बियाणे, खेचर, मीठ, कापड हे सगळे मालकाच्या किंवा व्यापाऱ्याच्या दुकानातून उधार, आणि फेड कापसात. कापूसच लावायचा, कारण उधारी कापसावर मिळे. वर्षानुवर्षे तेच पीक, म्हणून जमीन उपाशी, आणि जमीन उपाशी म्हणून कर्ज वाढते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिले आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. दहा वर्षांनी त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. माणसाची गुलामी आणि शेताचे कर्ज यांचा सांधा जोतीरावांना पुण्यात बसून दिसला होता. कार्व्हर तेव्हा शाळा शोधत गावोगाव फिरणारा पोर होता.

त्या पोराचे शिक्षण कसे झाले, ते आपण वाचले आहे. निओशोच्या काळ्या मुलांच्या शाळेसाठी घर सोडले. मरिया वॉटकिन्स या बाईने आसरा दिला. कॅन्ससमधल्या हायलंड कॉलेजने पत्राने प्रवेश दिला आणि मुलगा दारात उभा राहिल्यावर काळा म्हणून परत पाठवला. पुढे आयोवातल्या सिम्पसन कॉलेजात चित्रकला शिकताना एका शिक्षिकेने त्यांची वनस्पतींची नजर ओळखून त्यांना एम्सच्या शेतकी महाविद्यालयात जायला सांगितले. १८९४ साली पदवी, १८९६ साली पदव्युत्तर पदवी. तिथे लुई पॅमेल हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक त्यांना गुरू लाभले आणि कार्व्हर बुरशींचे जाणकार झाले. इतके, की एका बुरशीला शास्त्रज्ञांनी कोलेटोट्रायकम कार्व्हरी असे नाव दिले. कार्व्हर हे आडनाव म्हणजे मालकाचे आडनाव. ते शास्त्रात मात्र गुलामाच्या मुलाकडून गेले.

१८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांना अलाबामातल्या टस्कीगीला बोलावले आणि पुढची ४६ वर्षे, ५ जानेवारी १९४३ ला मृत्यू येईपर्यंत, ते तिथेच राहिले. इथे मला जरा थांबायचे आहे, कारण पुस्तक वाचताना आपली नजर कार्व्हरांवर खिळते आणि टस्कीगी मागे राहते. टस्कीगी ही संस्था १८८१ साली सुरू झाली. तिचे प्रमुख वॉशिंग्टन हे स्वतः गुलाम म्हणून जन्मलेले. विद्यार्थ्यांनी विटा भाजून तिच्या इमारती बांधल्या. तिथे कार्व्हरांना पगार होता, राहायला खोली होती, आणि १८९७ साली राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले प्रयोग केंद्र होते. टाकाऊ बाटल्या आणि भांडी गोळा करून त्यांनी प्रयोगशाळा उभी केली, ते खरेच. पण त्या बाटल्या मांडायला खोली होती, आणि त्या खोलीत काय सापडले ते छापायला छापखाना होता.

त्या छापखान्यातून निघालेल्या पत्रिका ही माझ्या मते कार्व्हरांची सर्वांत मोठी कामगिरी. अशा ४४ पत्रिका त्यांनी लिहिल्या. १९१६ ची भुईमुगावरची पत्रिका जगभर गाजली. भुईमूग कसा पिकवावा हे तिच्यात आहेच, आणि घरच्या बाईसाठी तो खाण्याच्या १०५ कृतीही आहेत. भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. ज्या शेतकऱ्याला खत विकत घेणे परवडत नाही त्याला हे पीकच खत देते, आणि वर घरात प्रथिने येतात. हिशेब इतका साधा होता. पीनट बटर त्यांनी शोधले असे अजून सांगितले जाते. ते खरे नाही, आणि त्यांच्या मोठेपणाला त्याची गरजही नाही. भुईमुगापासून केलेल्या ३०० पदार्थांचा आकडाही मी फारसा मिरवणार नाही. त्यातले बरेचसे पाककृतींच्या जातीचे आहेत आणि पेटंट त्यांनी तीनच घेतली. मला मोठी वाटते ती १९०६ साली निघालेली जेसप गाडी. खेचरांनी ओढलेल्या त्या गाडीत अवजारे आणि बियाणे भरून टस्कीगीची मंडळी शेतकऱ्याच्या बांधावर जात. शेतकरी शाळेत येऊ शकत नाही, तर शाळा शेतावर नेली.

सोलापूरकरांना भुईमुगाची थोरवी मी काय सांगावी. शेंगाचटणी आणि कडक भाकरी ज्या ताटात एकत्र येतात त्या गावात मी उभा आहे. त्या भाकरीच्या ज्वारीकडे मी थोड्या वेळाने येतो.

आता दादाजी. दलित कुटुंबात, १९३९ च्या सुमाराचा जन्म. गरिबीमुळे शाळा तिसरीपर्यंत. जमीन दीड एकर. गाव झाडीपट्टीतले, धानाचे. आपण ज्याला भात म्हणतो त्याला तिकडे धान म्हणतात, आणि बांध घातलेल्या तुकड्याला बांधी. पऱ्हे टाकायचे, चिखल करायचा, रोवणी करायची, असा पावसाळा जातो.

१९८३ सालची गोष्ट. दादाजींच्या बांधीत 'पटेल-३' हे त्या काळी चाललेले धान होते. उभ्या पिकात हिंडताना त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्याची छटा पिवळसर, दाणा बारीक. त्यांनी त्या तीन लोंब्या खुडल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या. पुढच्या वर्षी तेवढेच दाणे वेगळे पेरले. शेत जंगलाला लागून, रानडुकरांचा त्रास, म्हणून भोवती काटेरी झुडपांचे कुंपण केले. आलेले दाणे पुन्हा वेगळे ठेवले, पुन्हा वेगळे पेरले. मग मूळ धानाशी उतारा ताडून पाहिला. भात शिजवून चव पाहिली. हे दशक संपेपर्यंत चालले.

ऐकायला हे सोपे वाटते, म्हणून त्यात शास्त्र कुठे आहे ते सांगतो. धान हे स्वपरागित पीक. फुलातला पराग बहुतेक वेळा त्याच फुलाला फळवतो, म्हणून मायबापासारखीच पुढची पिढी येते. क्वचित कुठे नैसर्गिक संकर होतो, क्वचित बियाण्यात उत्परिवर्तन होते, क्वचित दुसऱ्या वाणाचा दाणा मिसळलेला असतो, आणि मग हजारो झाडांत एखादे वेगळे उगवते. पण वेगळे दिसणारे प्रत्येक झाड आतून वेगळे असतेच असे नाही. उकिरड्याशेजारचे झाडही जोमदार दिसते. पाणी साचलेल्या कोपऱ्यातले खुरटते. वेगळेपण दाण्यात आहे की जागेत आहे, हे ओळखण्याचा एकच मार्ग आहे. ते दाणे वेगळे पेरायचे आणि लेकरे काय निघतात ते पाहायचे. डेन्मार्कचे योहानसेन यांनी घेवड्याच्या दाण्यांवर प्रयोग करून १९०३ साली शुद्ध वंशाचा सिद्धांत मांडला, तो याच पायावर. तिसरी शिकलेल्या दादाजींनी योहानसेनचे नाव ऐकलेले असण्याचे कारण नाही. पण त्यांनी निरीक्षण केले, वेगळे काढले, वेगळे पेरले, तुलना केली आणि पुन्हा तेच केले. विद्यापीठातला पैदासकार निवड पद्धतीने वाण काढतो तेव्हा याच पायऱ्या चढतो. म्हणून दादाजींना मी 'प्रयोगशील शेतकरी' असे म्हणणार नाही. ते शास्त्रज्ञ होते.

१९९० च्या सुमारास एका मोठ्या शेतकऱ्याने त्यांच्याकडून बियाणे नेऊन लावले. माल तळोधीच्या बाजारात गेला. धानाला नाव नव्हते. व्यापाऱ्याने नाव दिले ते त्या काळी मनगटामनगटावर असलेल्या घड्याळाचे, एचएमटी. बारीक दाणा, चवीला उत्तम आणि उतारा चांगला, यामुळे ते धान विदर्भभर गेले आणि तिथून छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणात गेले. आज सोलापुरातल्या किराणा दुकानातही एचएमटी तांदळाची पोती दिसतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरी तो रोज शिजतो. त्या पोत्यावर दादाजींचे नाव नसते.

१९९४ साली पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्राने त्यांच्याकडून पाच किलो बियाणे नेले. १९९८ साली 'पीकेव्ही एचएमटी' हे वाण प्रसारित झाले. विद्यापीठाचे म्हणणे असे, की आम्ही त्या बियाण्याचे शुद्धीकरण केले. मी ते नाकारत नाही. भेसळ काढून वंश शुद्ध करणे, ठिकठिकाणी चाचण्या घेणे, पैदासकार बियाणे तयार करणे हे सगळे खरे आणि आवश्यक काम आहे. त्याशिवाय वाण टिकत नाही. पण ज्याने वाण शोधले त्याचे नाव वाणाच्या जन्मपत्रिकेत असले पाहिजे. ते त्या वेळी आले नाही. एका नावात विद्यापीठ होते आणि घड्याळाची कंपनी होती. ज्या बांधीत ते उगवले ती बांधी त्यात नव्हती.

पुढे दखल घेतली गेली. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचे काम शोधून काढले आणि २००५ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. २०१० साली 'फोर्ब्स'ने देशातल्या प्रभावी ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांना घेतले. उद्योजक! ज्याने आपल्या वाणावर एक रुपया स्वामित्वधन घेतले नाही, आणि मुलाच्या आजारपणात ज्याला जमीन विकावी लागली, त्या माणसाला दिलेले हे विशेषण वाचताना मला आजही त्रास होतो. आणि याच सगळ्या काळात ते वाण काढतच राहिले. नांदेड चिन्नोर, नांदेड-९२, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपक रत्न, डीआरके, काटे एचएमटी, डीआरके सुगंधी. एचएमटी धरून नऊ. नावे पाहा. पहिल्या वाणाचे नाव बाजाराने ठेवले. नंतरची नावे त्यांनी ठेवली, आणि त्यांत गाव आले, स्वतःची आद्याक्षरे आली.

पक्षाघाताने ते आजारी पडले. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीजवळच्या शोधग्रामच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

आता दोघांना शेजारी ठेवा. नजर दोघांना होती. कष्ट, चिकाटी, साधेपणा दोघांत होता. पैशाचा मोह दोघांना नव्हता. ज्या गुणांसाठी आपण कार्व्हर मुलांना वाचायला देतो, ते सगळे गुण दादाजींत पुरेपूर होते. फरक एकच होता. दादाजींना टस्कीगी नव्हती. पगार नव्हता, प्रयोगाचे शेत नव्हते, पत्रिका छापणारा छापखाना नव्हता, पॅमेलसारखा गुरू नव्हता. १९२१ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे कार्व्हर भुईमुगावर बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांना दहा मिनिटे दिली होती. ऐकणाऱ्यांनी वेळ वाढवत नेला आणि ते ठरल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त बोलले. त्यांच्या वाटेला वर्णद्वेषाचे अपमान शेवटपर्यंत आले, पण बोलण्यासाठी त्यांच्या पाठीशी एक संस्था उभी होती. नांदेडच्या दादाजींना आपल्या बियाण्याबद्दल बोलायला अशी जागा वयाची पासष्टी आली तरी कोणी दिली नव्हती. म्हणून मी म्हणतो, कार्व्हरांची गोष्ट संस्थेचीही गोष्ट आहे. गुलामीतून सुटलेल्या माणसांनी आपल्या लेकरांसाठी एक संस्था उभारली, म्हणून कार्व्हर जगाला मिळाले.

सोलापूरला हे कळायला हवे, कारण अशा संस्थेचा विचार या गावाने एकदा केलेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली वसतिगृह काढले ते याच शहरात. हायलंड कॉलेजच्या दारातून जो मुलगा परत गेला, तशा मुलांना राहायला खोली आणि अभ्यासाला दिवा मिळावा म्हणून. आठ वर्षांनी, १९३३ साली, देशातल्या पहिल्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रांपैकी एक इथे सुरू झाले. पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही लहरी. अशा काळ्या जमिनीत ओल कशी धरायची, बांधबंदिस्ती कशी करायची, ओळींत अंतर किती ठेवायचे, याचा अभ्यास तिथे झाला. ना. वि. कानिटकरांनी १९४४ साली हिंदुस्थानातल्या कोरडवाहू शेतीवर जो ग्रंथ लिहिला, त्यामागे या कामाचा अनुभव आहे.

आणि मोहोळ. भाकरीच्या ज्वारीकडे येतो म्हणालो होतो, ती ही. १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवड करून एक वाण काढले गेले, एम ३५-१. मोत्यासारखा दाणा, गोडसर भाकरी, जनावरांना रुचणारा कडबा, आणि पेरणीनंतर पाऊस न पडला तरी जमिनीतल्या ओलीवर तग धरण्याची ताकद. त्यानंतर किती संकरित वाणे आली आणि गेली. रब्बी ज्वारीच्या देशभरातल्या चाचण्यांत नव्या वाणाची तुलना अनेक दशके एम ३५-१ शी होत आली. तिच्या नावातला 'एम' मालदांडीचा असो की मोहोळचा, त्या मालदांडीला मालदांडी करणारे लोक मंगळवेढा, मोहोळ, पंढरपूरच्या रानात होते. खळ्यावर कणसांच्या राशीतून बियाण्याची कणसे बाजूला काढणारी बाई त्यात होती. भरलेले कणीस, घट्ट दाणा, निरोगी ताट बघून ती निवडायची आणि कणसे आढ्याला टांगून ठेवायची. पिढ्यानपिढ्या ही निवड झाली, म्हणून मोहोळच्या शास्त्रज्ञांच्या हाती निवडण्याजोगे काही होते. दादाजींचे नाव निदान आपल्याला माहीत आहे. या बायांचे एकही नाव कुठे लिहिलेले नाही.

हे आता बदलता येते. २००१ साली संसदेने वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा केला. त्यात शेतकऱ्यालाही पैदासकार मानले आहे. त्याने काढलेले वाण त्याच्या नावावर नोंदवता येते, आणि त्याच्या वाणावरून दुसऱ्याने नवे वाण काढले तर लाभात वाटा मागता येतो. शेतकऱ्याला त्यासाठी शुल्क नाही. दादाजींचे एचएमटी शेतांत पसरले तेव्हा हा कायदा नव्हता. आता आहे, पण त्याचा अर्ज गावात किती जणांनी पाहिला आहे? वाण वेगळे, एकसारखे आणि स्थिर आहे हे दाखवावे लागते, नोंदी लागतात, फोटो लागतात, तांत्रिक भाषेत वर्णन लागते. तिसरी शिकलेला माणूस हे एकटा करू शकत नाही. त्याच्या शेजारी शेतकी पदवीधर बसला पाहिजे.

म्हणून या सभागृहातल्या शेतकी महाविद्यालयाच्या मुलामुलींना आणि निवृत्त कृषी अधिकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. संक्रांतीच्या आगेमागे आपण हुरड्याला रानात जातो. गूळभेंडी कुठली, कुचकुची कुठली, दगडी ज्वारी अजून कोण राखून आहे, हे तिथे गप्पांत निघते आणि विरून जाते. यंदा जाताना वही घेऊन जा. बियाणे कोणी जपले, कुणाकडून आले, त्यात काय वेगळे दिसले आणि कोणत्या साली दिसले, हे त्या माणसाच्या, त्या बाईच्या पूर्ण नावानिशी लिहा. नमुना म्हणून एक कणीस घ्या, पण ते कुणाच्या रानातले ते त्याला चिठ्ठी बांधून लिहा. मग ती वही घेऊन मोहोळच्या आणि सोलापूरच्या संशोधन केंद्रात जा आणि वाण नोंदणीचा अर्ज भरायला त्या शेतकऱ्याच्या घरी बसा.